गो, वेन्ट, गॉन

इंग्रजी क्रियापदांच्या रूपांचा तक्ता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत घोकून पाठ केला आहे. ‘प्ले, प्लेड, प्लेड’ चटकन तोंडी बसते. ‘गो’च्या ओळीत मात्र मध्येच ‘वेन्ट’ कुठून आले, हे क्वचितच कोणी सांगते.

‘वेन्ट’ हे मुळात ‘गो’चे रूप नव्हेच. वळणे, वळवणे या अर्थाच्या ‘वेन्ड’ या वेगळ्या क्रियापदाचा तो भूतकाळ होता, जसा ‘सेन्ड’चा ‘सेन्ट’. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘एओदे’ असा होत असे, आणि विशेष म्हणजे तेही ‘गो’च्या धातूपासून झालेले नव्हते. पंधराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडमध्ये ‘वेन्ट’ने त्याची जागा घेतली, स्कॉट्स बोलीत मात्र मूळ क्रियापदालाच प्रत्यय लागून झालेले ‘गेड’ रूढ राहिले. आपले रूप असे दुसऱ्याकडे गेल्यावर ‘वेन्ड’ला ‘वेन्डेड’ हा नवा भूतकाळ मिळाला.

हे विचित्र वाटत असेल, तर ‘मी जातो’ आणि ‘मी गेलो’ ही दोन वाक्ये सावकाश उच्चारून पाहावीत. ‘जा’मध्ये ‘गे’ कुठे आहे? ‘जाणे’ आले ते संस्कृतातील ‘या’ धातूपासून, कारण ‘याति’चे प्राकृतात ‘जाइ’ झाले. ‘गेला’ मात्र ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून घडला. इंग्रजीत जे घडले, तेच मराठीच्या वाटेवरही घडले आहे, आणि जन्मापासून कानावर असल्यामुळे ते आपल्याला कधी खटकत नाही.

अर्थांचा पसाराही दोन्हीकडे असाच वाढला. आपल्याकडे वीज जाते, दूध नासून जाते, ‘काम केले जाते’ अशी कर्मणी रचनाही ‘जाणे’च उभी करते. इंग्रजीत दूध आंबते तेही ‘गो’नेच, आणि ‘गोइंग टू’ म्हणताना आता कोणी पाऊल उचलत नाही. काही करण्यासाठी प्रत्यक्ष निघणे हा अर्थ झिजत जाऊन तेथे भविष्यकाळ उरला.

‘गम्’ची आणखी एक नोंद घ्यायला हवी. आपल्या ‘गाय’मधील ‘ग’च्या जागी इंग्रजीच्या ‘काउ’मध्ये ‘क’ आहे. त्याच ध्वनिनियमाने ‘गम्’चा इंग्रजीतील सख्खा भाऊ ठरतो तो ‘कम’, म्हणजे येणे. पाहुणा निरोप घेऊन निघाल्यावर आपण ‘गेला’ म्हणतो, तेव्हा जो धातू आपल्या तोंडी असतो, त्याच धातूने इंग्रज माणूस पाहुण्याला घरात बोलावतो.