दाते खाली, हात मोकळा

(दृश्य: वेंगुर्ल्याची बाजारपेठ, सकाळची वेळ. टेलरिंगचं छोटं दुकान. काळी पायमशीन, घासून गुळगुळीत झालेला चामडी पट्टा.)

घरात शिवणाची मशीन असली की अख्ख्या वाडीची कामं त्या घराकडे येतात. कुणाचा ब्लाउज, कुणाच्या शाळेच्या गणवेशाची उसवलेली शिवण, लग्नसराईत साड्यांना फॉल आणि पिको. वर्षानुवर्षं ही मशीन सरळ टीप मारत आली आहे. पण तिच्यावर चित्र काढता येतं, हे तिच्यासमोर अर्धं आयुष्य बसलेल्या कितीतरी जणींना कधी कुणी सांगितलेलंच नाही.

त्यासाठी महागडी मशीन घ्यावी लागत नाही. एकच सरळ टाका घालणारी जुनी पायमशीन पुरते.

(दृश्य: जुन्या शिवणयंत्रांची रेखाचित्रं.)

मशीन आणि भरतकाम यांचं नातं पहिल्यापासूनचं आहे. १८३० साली फ्रान्समध्ये बार्तेलमी तिमोनिए या शिंप्याने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या यंत्राची सुई आपल्या भरतकामाच्या आरीसारखी आकडेदार होती आणि टाका साखळीचा. भरतकामाचाच टाका त्याने शिवणीला लावला होता. त्याच्या यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले आणि पोटावर पाय येणार म्हणून पॅरिसच्या शिंप्यांनी १८३१ मध्ये त्याचा कारखाना फोडला. पुढे अमेरिकेत एलियास होवने १८४६ मध्ये टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालचा दोरा नेणारं शटल यांच्या जोडीचं पेटंट घेतलं. वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकवणारा तो टाका आजही आपल्या पायमशीनवर पडतो. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने हीच दोन दोऱ्यांची युक्ती पुन्हा भरतकामाकडे वळवली. होडीच्या आकाराची छोटी शटलं आणि सुयांची लांब रांग, असं त्याचं यंत्र होतं.

(दृश्य: कॅमेरा सुईच्या अगदी जवळ. स्क्रूड्रायव्हरने फूट काढला जातो.)

आता या दुकानात काय चाललंय ते नीट बघा. आधी फूट, म्हणजे कापड वरून दाबून धरणारा भाग, काढला. मग दाते खाली घेतले. काही मशीनला त्यासाठी खटका असतो, काहींवर पत्र्याची झाकणपट्टी बसवतात, आणि ज्या मशीनला यातलं काहीच नाही तिथे खालचे स्क्रू काढून दातेच उतरवतात. एरवी कापड पुढे सरकवायचं काम हे दाते करतात. ते बाजूला झाले की कापड कुठे न्यायचं ते आपल्या हातांनी ठरवायचं. सुई एका जागी खालीवर होते आणि कापड फिरतं. पेन्सिल धरून ठेवावी आणि कागद हलवून चित्र काढावं, तसं.

रिंग लावण्याची रीतही उलटी. हाताने भरताना कापड रिंगच्या वरच्या अंगाला ताणलेलं असतं, मशीनवर ते खालच्या अंगाला हवं, म्हणजे मशीनच्या पाट्यावर सपाट टेकतं. आतल्या लाकडी कड्याला सुती पट्टी गुंडाळली की कापड सरकत नाही. आणखी एक गोष्ट नव्याने शिकणाऱ्यांच्या हमखास विसरण्यातली: फूट काढला असला तरी तो वरखाली करणारी मागची दांडी खाली पाडावीच लागते. ती वर राहिली तर दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि कापडाखाली दोऱ्याचा नुसता गुंता होतो.

(दृश्य: मशीनवर कॉलेजात जाणारी मुलगी. शेजारी तिची काकी.)

– काकी, दोरो सारको तुटता.
– सुई बदल आदी. मगे टेन्शन बघ.

पाय आणि हात यांचा मेळ बसायला वेळ लागतो. पाय जलद आणि हात सावकाश, तर टाके बारीक आणि दाट पडतात. हात घाईत आणि पाय मागे राहिला, तर टाके लांब पडतात, सुई ओढली जाते आणि मोडते. टाक्याची लांबी मशीनवरच्या आकड्यांवर नसते, ती बाईच्या अंगात असते. म्हणून एकच रेघ दोघींनी काढली तरी ती दोन तऱ्हांची दिसते. मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

(दृश्य: टेबलावर ताजा बांगडा, शेजारी ट्रेसिंग पेपर.)

आज भरायचाय बांगडा. पाठीवर निळसर हिरवी झाक, तिच्यावर आडवे काळपट पट्टे, पोट चंदेरी, आणि छातीच्या पराजवळ एक काळा ठिपका. चित्र ट्रेसिंग पेपरवर काढून झालं की मशीनमधला दोरा काढून टाकायचा आणि नुसत्या सुईने रेघेवरून टीप मारायची. कागदाला भोकं पडतात, खाका तयार. रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने त्यावरून फिरवली की चित्र कापडावर उतरतं.

पाठीसाठी सोळा नंबरच्या सुईत दोन दोरे एकदम ओवलेत, एक निळा आणि एक हिरवा. ते टाक्याटाक्याला आलटून पालटून वर येतात आणि तिसराच रंग दिसू लागतो. पोटाची गोष्ट वेगळी. जाडसर जर सुईच्या नेढ्यातून धड जात नाही, सोलवटते. मग ती बॉबिनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळावर, गुंडाळायची, बॉबिन केसचा स्क्रू किंचित ढिला करायचा आणि कापड पालथं घालून मागच्या बाजूने भरायचं. जर खालच्या अंगाला पडत जाते. रिंग उलटेपर्यंत काय झालंय ते भरणारीलाही दिसत नाही.

मुलगी रिंग उलटते. पोट चमकतं, पण शेपटीकडे जर सैल पडलीय. तेवढं उसवून पुन्हा.

(दृश्य: कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं युनिट. अनेक सुया एका तालात.)

आता कॉम्प्युटर मशीनबद्दल. जपानच्या ताजिमा कंपनीने १९६४ मध्ये अनेक डोक्यांचं भरतकाम यंत्र बाजारात आणलं. आज एकच डिझाइन शेजारशेजारच्या कापडांवर एकाच वेळी, एकाही टाक्याचा फरक न पडता उमटतं. शाळेचं बोधचिन्ह, बँडच्या पोशाखावरचं नाव, एकसारख्या पन्नास पिशव्या, ही कामं या मशीननेच करावीत. माझी तक्रार यंत्राबद्दल नाही, त्यात घातल्या जाणाऱ्या डिझाइनबद्दल आहे. तोच मोर, तोच गुलाब, तीच कोयरी. जे सुरतेच्या साडीवर, तेच सावंतवाडीच्या ब्लाउजवर. डोळ्यासमोर समुद्र, होड्या, माडाच्या झावळ्या, सुरंगीचे गजरे, कातळावर भर पावसात फुललेली इवलीशी जांभळी फुलं असताना आपण विकतचा मोर का भरावा?

कॉम्प्युटरवरही आपलं चित्र चढवता येतंच. टाके कुठल्या दिशेने पडावेत, खाली आधाराचे टाके किती, दाटी किती, हे सगळं माणूसच ठरवतो. दिशा चुकली तर माशाचा पत्रा होतो. ज्या मुलीने पायमशीनवर हाताने बांगडा भरलाय, तिला ती दिशा कुणी शिकवावी लागत नाही.

(दृश्य: पारदर्शक फिल्म ताणलेली रिंग. तिच्यावर जाळ्याच्या रेघा.)

या दुकानातला सगळ्यात देखणा प्रयोग जाळ्याचा. पाण्यात विरघळणारी फिल्म रिंगमध्ये ताणायची आणि तिच्यावर नुसत्या दोऱ्याने मासेमारीचं जाळं भरायचं. खाली कापड नाहीच. भरून झालं की ते पाण्यात टाकायचं. फिल्म विरघळते आणि हातात लेस उरते. अट एकच, प्रत्येक रेघ दुसरीला अडकलेली हवी. एखादी रेघ सुटी राहिली तर पाण्यातून नुसते दोरे बाहेर येतात. म्हणून आधी चौकटीच्या रेघा दोनदोनदा, मग आतली वीण, आणि जिथे दोन रेघा भेटतात तिथे तीनचार टाके जास्तीचे. कोळी जिथे गाठ मारतो, नेमक्या तिथेच.

आपल्याकडच्या हवेत ही फिल्म सांभाळणं जिकिरीचं. पावसाळ्यात ओल धरून ती लिबलिबीत होते, तिला घट्ट झाकणाचाच डबा हवा. मशीनचंही तेच. खारी हवा लोखंड खाते. काम संपलं की दाते आणि शटल ब्रशने साफ करून मशीनच्या तेलाचे थेंब सोडावेत. घरात आहे म्हणून खोबरेल घालणारे पुष्कळ आहेत. कृपा करून घालू नका. ते सुकून चिकट बसतं आणि मशीन जड होते.

पायमशीनचा एक गुण मात्र किनारपट्टीवरच्या माणसालाच पटेल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पायमशीन चालवायला पाय पुरतात.

(दृश्य: सावंतवाडीचा मोती तलाव, राजवाडा. गंजिफाचे गोल पत्ते.)

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जुना खेळ, तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. पत्ता गोल, भरतकामाची रिंगही गोल. त्यामुळे या दुकानातल्या बायकांनी आता दहा अवतारांची गोधडी हाती घेतली आहे. जुन्या सुती साड्यांचे थर, त्यावर दहा वर्तुळं, प्रत्येकात एक अवतार. थर आधी कच्च्या धावदोऱ्याने टाचायचे आणि मशीनची टीप मधून कडेकडे न्यायची, म्हणजे चुण्या मध्ये साठत नाहीत. जाड थर रिंगमध्ये बसत नाहीत, म्हणून चित्रं सुट्या कापडावर भरून मग गोधडीवर लावायची असं ठरलंय.

मत्स्य आणि कूर्म झाले. कूर्माच्या पाठीला बॉबिनचा पिवळा दोरा मुद्दाम वर ओढून घेतलाय, वरचं टेन्शन घट्ट करून, त्यामुळे पाठ वाळूसारखी खरखरीत दिसते. वराह अडलाय तो केसांच्या दिशेवरून. मानेपासून शेपटीकडे आडवे टाके घ्यावेत की पाठीवरून पोटाकडे उतरते, यावर दोघींचं एकमत होत नाहीये. दोन्ही तऱ्हा दोन चिंध्यांवर भरून बघायचं चाललंय.