गाडी विकली त्याचं असं झालं

[दृश्य: सोसायटीचं पार्किंग, सकाळ. दोन गाड्यांच्या मध्ये एक रिकामी जागा. फरशीवर काळपट डाग.]

हा डाग ऑइलचा आहे. रॉकेल ओतून झालं, वॉचमनकाकांनी तारेच्या घासणीनं घासून पाहिलं, जात नाही. नऊ वर्षं इथं माझी गाडी उभी असायची.

आणि खरं सांगायचं तर ती उभीच असायची. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी तासभर चालायची. बाकी सगळा वेळ एक तर इथं, नाहीतर शिवाजीनगरला ऑफिसजवळच्या पैसे देऊन लावायच्या पार्किंगमध्ये. हप्ते संपले होते. पण विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल, पार्किंग आणि आठवड्यातून तीनदा गाडी पुसणाऱ्या मुलाचे पैसे, हे चालूच होतं. एवढं करून ती बहुतेक दिवसभर झोपा काढायची.

मी काही पर्यावरणासाठी गाडी विकलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. तसं सांगितलं की लोक एक तर कौतुक करतात, नाहीतर चिडतात. माझ्या गाडीची क्लच प्लेट गेली होती, एवढंच.

[दृश्य: पद्मावतीचा बसथांबा. सातारा रस्त्यावरची सकाळची वर्दळ.]

गणपतीच्या तोंडावर गेली. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, चार दिवस." गणपतीतल्या चार दिवसांचे किती होतात हे पुणेकराला सांगायला नको. चौदा दिवस गाडी त्याच्याकडे होती. पहिल्या दिवशी रिक्षा केली, दुसऱ्या दिवशीही केली. तिसऱ्या दिवशी सासूबाई चहाचा कप ठेवत म्हणाल्या, "अगं, पीएमटीनं जा की. आम्ही काय विमानानं जात होतो?"

त्यांच्या तोंडी अजून पीएमटीच आहे. २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन शहर बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली, पण घरात ते नाव कधी आलंच नाही. पासष्टीच्या पुढचा जुना पुणेकर पीएमपीएमएल म्हणताना मी अजून ऐकलेला नाही. सासूबाईंची सगळी नोकरी सहकारनगर ते मनपा अशा बसमध्ये गेली. तिकिटाची सुरनळी करून अंगठीत अडकवायची सवय त्यांना तिथलीच. हल्ली कधी मोटारीच्या पे-पार्किंगची पावती हातात आली, तरी आपोआप तिची सुरनळी होते.

तर मी बसनं गेले.

[दृश्य: बसच्या खिडकीतून. पद्मावती, सिटी प्राइड, लक्ष्मीनारायण, स्वारगेट.]

नऊ वर्षं रोज याच रस्त्यानं जात होते, पण मला दिसायची ती पुढच्या गाडीची नंबर प्लेट. बसमध्ये माणूस चार-साडेचार फूट वर बसतो, तेवढ्यानं रस्ता वेगळा दिसतो. पहिल्या आठवड्यात मला काय काय दिसलं, तर सारसबागेच्या बाजूला फिरून परतणारे लोक, बाजीराव रस्त्यावरच्या दुकानांची वर जाणारी शटरं आणि विश्रामबागवाड्याचा तो लाकडी सज्जा. त्याच्यासमोरून मी किती वेळा गेले असेन! सज्जा मान वर केल्यावर दिसतो, आणि गाडी चालवणाऱ्यानं मान वर करायची नसते.

बस शनिपारला थांबली की निम्मी रिकामी होते. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली, ही सगळी स्पर्धा परीक्षावाली मुलं-मुली. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांकडे निघालेली. पुढे अप्पा बळवंत चौकात शाळेची मुलं आणि वह्या-पुस्तकं घ्यायला आलेले पालक उतरतात. मग शनिवारवाडा, मग पूल ओलांडून मनपा. मनपाला पुन्हा सगळी बस भरते, पण मला तोवर बसायला जागा मिळालेली असते. डाव्या बाजूची आसनं महिलांसाठी. त्यावरून रोज एक तरी छोटं भांडण होतं आणि रोज ते थांबा येईपर्यंत मिटतं.

वेळ किती लागतो, हे सगळे पहिल्यांदा विचारतात. गाडीनं पस्तीस-चाळीस मिनिटं लागायची. बसनं पन्नास-पंचावन्न. बस हळूच जाते, खोटं कशाला सांगू? पण त्या चाळिसात पार्किंग शोधायचा वेळ मी कधी धरलाच नव्हता. पी-१ आणि पी-२ च्या पाट्या वाचत, आज सम तारीख की विषम याचा हिशेब करत गल्लीला दोन फेऱ्या मारायच्या, त्यात दहा मिनिटं सहज जायची. पार्किंगचा मासिक करार केल्यावर ते थांबलं, तर त्या पार्किंगपासून ऑफिसपर्यंत चालायला आठ मिनिटं. बसथांब्यापासून ऑफिस पाच मिनिटांवर आहे.

[दृश्य: स्वारगेटचा सिग्नल, बसच्या चालकामागून. समोर मोटारींचे टप.]

आता मला या सिग्नलबद्दल बोलायचंय.

गाडीत होते तेव्हा इथं माझा रोज पारा चढायचा. पुढे बस आडवी आली की मी हॉर्नवर हात ठेवायचे. एवढं मोठं धूड मध्ये घालतातच कशाला, हे माझं वाक्य ठरलेलं होतं. आता मी त्याच धुडात बसते. खाली पाहते तर चहूबाजूंनी मोटारींचे टप. मोजायला सुरुवात केली की सिग्नल सुटतो. पण न मोजताही दिसतं, एकेका गाडीत एकेकच माणूस. शेजारच्या सीटवर डबा आणि लॅपटॉपची बॅग. आमच्या बसमध्ये बसलेले आणि उभे धरून साठ-सत्तर जण. ही साठ-सत्तर माणसं त्या दहा-पंधरा माणसांच्या मागे थांबलेली.

बस वेळेवर येत नाही, म्हणून मी गाडी घेतली होती. आणि बस वेळेवर का येत नाही, तर ती या रांगेत अडकते. रांग कुणाची? नऊ वर्षं त्या रांगेत एक गाडी माझी होती. हे मला गाडीत बसून कधी सुचलं नाही. वर बसल्यावर पाच मिनिटांत कळलं.

[दृश्य: सातारा रस्ता. मधली बीआरटी मार्गिका, तिच्यात शिरणाऱ्या दुचाकी.]

गंमत म्हणजे, यावरचं उत्तर आमच्या घरासमोरच आहे. डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट ते कात्रज या सातारा रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. बीआरटी. देशातली पहिली. दिल्लीची २००८ मध्ये आली आणि अहमदाबादची २००९ मध्ये. आपल्या आधी कोलंबियातल्या बोगोटा शहरानं हे २००० साली करून दाखवलं होतं, आणि ब्राझीलमधल्या कुरितिबानं तर १९७४ मध्येच. कल्पना अगदी साधी आहे. रस्त्याची एक पट्टी बसला द्यायची आणि तिथं दुसऱ्या कुणी यायचं नाही. मग बाजूला कितीही मोटारी तुंबू देत, बस निघून जाते.

पण "दुसऱ्या कुणी यायचं नाही" हे पुण्यात सांगणार कोण? मार्गिका सलग राहिलीच नाही. कुठं उड्डाणपूल आडवा आला, कुठं काम निघालं आणि कुठं चौकात ती नुसतीच विरून गेली. जिथं ती धड होती तिथं दुचाकी घुसल्या. मोटारीही घुसल्या. मीही घातलीये गाडी त्यात, मुलीची परीक्षा होती आणि उशीर झाला होता. प्रत्येकाची एकदा कधीतरी परीक्षा असतेच. २०१५ मध्ये 'रेनबो बीआरटी' आली, संगमवाडी ते विश्रांतवाडी आणि औंधच्या पुढे पिंपरी-चिंचवडमध्ये. पिंपरी-चिंचवडकरांनी त्यातल्या त्यात बरी सांभाळली. नगर रस्त्यावरची मात्र पुढे उखडून टाकली, वाहतूक कोंडी होते म्हणून. कोंडी मोटारींची आणि उखडली ती बसची जागा. या निर्णयाचं मला अजून हसू येतं. अर्थात तेव्हा मी गाडीवाली होते, आणि बातमी वाचून बरं झालं असंच म्हणाले होते.

आणि ज्या शहरात हे चाललंय, त्याच शहराच्या कडेला भोसरीत केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. देशभरच्या एसटी आणि बस महामंडळांची माणसं तिथं प्रशिक्षणाला येतात. पुण्यात राहून बस कशी चालवावी हे शिकतात, आणि आपापल्या गावी परत जातात.

[दृश्य: जुनी वर्तमानपत्रं चाळणारे हात.]

२०१८ साली एक बातमी गाजली होती. पुण्यातल्या नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली होती आणि माणसं ३५ लाखांच्या आसपास. त्यात दुचाकीच जास्त होत्या. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या गावात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या. त्या मानानं बस किती? पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आसपासची गावं मिळून साधारण दोन हजार. रोज दहा लाखांच्या आसपास लोक त्यांतून जातात.

त्याआधी १ नोव्हेंबर २०१२ ला 'बस डे' झाला होता. 'सकाळ'नं पुढाकार घेतला होता. एक दिवस सगळ्यांनी आपापली वाहनं घरी ठेवून बसनं जायचं. मीही गेले होते, तिकिटाबरोबर फोटोसुद्धा काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुचाकी काढली. मोटार तेव्हा यायची होती.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. वही, चष्मा, बिलं.]

पैशांचं बोलू. १ जून २०२५ पासून बसचं भाडं वाढलं. पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, पुढे दहा किलोमीटरपर्यंत २०. पद्मावती ते शिवाजीनगर माझे २० होतात. जाऊन-येऊन ४०, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर हजार रुपये. मासिक पास ९०० चा १,५०० झाला. म्हणजे माझ्यासारख्या एकाच बसनं थेट जाणाऱ्या बाईला पास परवडतच नाही. तो दोन-तीन बस बदलणाऱ्यांसाठी. हे गणित मला तिसऱ्या महिन्यात समजलं. तोवर मी ऐटीत पास दाखवत होते.

गाडीचं गणित सासूबाईंनी केलं. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर. महिन्याला तीन हजारांचं जायचं. पार्किंगचे बाराशे. विमा, सर्व्हिसिंग आणि त्या क्लच प्लेटचे अकरा हजार वर्षावर पसरवले, तर सगळं मिळून सहा हजारांच्या पुढे जात होतं. रिक्षाला आता महिन्याला दीड-दोन हजार लागतात. तरी उरतात. उरलेल्यांचं काय झालं ते मला विचारू नका, मुलगी बारावीला आहे.

रिक्षा का लागते? तर रात्री साडेनऊनंतर मी थांब्यावर उभी राहत नाही. धो-धो पाऊस असला तरी नाही. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी दवाखान्यात जायचं असेल तर नाही. नारळाचं पोतं किंवा दळण असेल तर नाही. गावी जायचं झालं की एसटी किंवा भाड्याची गाडी. गाडी नसणं आम्हाला जमलं, कारण घर बस रस्त्यावर आहे आणि ऑफिसही. माझी मैत्रीण आंबेगावात डोंगराच्या पायथ्याशी राहते, तिला मी कुठल्या तोंडानं सांगू, गाडी वीक म्हणून? तिच्या गल्लीतून बस जातच नाही.

मेट्रो येणार ना, असं लोक म्हणतात. स्वारगेटपर्यंत ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली. स्वारगेट ते कात्रज या टप्प्याला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रानं मंजुरी दिली, साडेपाच किलोमीटर, तेही जमिनीखालून. होईल तेव्हा होईल. झाली तरी घरापासून मेट्रोच्या जिन्यापर्यंत जायला काहीतरी लागेलच.

[दृश्य: पांढऱ्या मोटारीचा जुना फोटो, मोबाइलवर.]

गाडी एका तरुण मुलानं घेतली. नुकतंच लग्न झालेलं, राहायला कात्रजला, नोकरी शिवाजीनगरला. म्हणजे हाच रस्ता आणि हीच वेळ. त्यामुळे सातारा रस्त्यावरची एक मोटार कमी केली, असं मला म्हणता येत नाही. ड्रायव्हिंग सीटवरचं माणूस बदललं, एवढंच.

[दृश्य: पद्मावतीचा थांबा. निवेदिका आणि सासूबाई बसची वाट पाहत आहेत. ई-बस आवाज न करता येऊन थांबते.]

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, मीही येते. कॅमेरावाल्या मुलाला म्हणाल्या, तिकीट मी काढणार. डाव्या बाजूच्या सीटवरची एक मुलगी त्यांना पाहून उठली. त्यांनी पर्समधून सुट्टे पैसे काढले, मोजून, जुन्या सवयीनं.

"एक मंडई."

कंडक्टर म्हणाला, "आजी, ही बाजीराव रोडनं जाते. मंडई येताना लागेल."

"माहितेय मला. तू जन्मायच्या आधीपासून जातेय. शनिपारचं दे, तुळशीबागेतून चालत जाईन."

त्यानं तिकीट दिलं. स्वारगेट येईपर्यंत त्याची सुरनळी झाली होती.