सिस्टर नुसती बसलेली नाही

पहिलटकरीण आहे. कळा वाढल्यात, पण ती खाटेवर आडवी नाही. खिडकीचा गज धरून उभी आहे. कळ आली की कमरेतून डुलते. मागून आई कंबर चोळतेय. मिडवाइफ सिस्टर शेजारी स्टुलावर बसलीय.

बसलीय खरी, पण लक्ष सगळं तिकडेच. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकायचे, जोर लावायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. नाडी, बीपी, कळांचं अंतर, सगळं कागदावर. मधेच चहा-पाणी हवं का, हेही विचारायचं. फक्त घाई करायची नाही. तासाला एक सेंटिमीटर पिशवीचं तोंड उघडलंच पाहिजे, हा लेबर रूममधला जुना हिशेब. तो प्रत्येक बाईला लावू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं. मिडवाइफचं सगळं काम याच धीरावर चालतं.

ही गावची सुईण नव्हे. नर्सिंग झाल्यावर वर आणखी १८ महिन्यांचं प्रशिक्षण; केंद्र सरकारनं त्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ च्या डिसेंबरात काढली. तेलंगणानं मात्र २०१७ मध्येच करीमनगरला सुरुवात केली होती. त्यांना गरजच तशी होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही तिथली शंभरातली साठ बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात. महाराष्ट्रात पंचवीस. आपणही फार ऐटीत राहावं असं नाही.

सिझर वाईट, असं मिडवाइफ म्हणत नाही. ठोके घसरले, पाणी हिरवट आलं, बीपी चढलं, की ती डॉक्टरांना बोलावते. कुठं थांबायचं आणि कुठं थांबायचं नाही, हे कळण्यासाठीच तर ते १८ महिने.

सगळं सुरळीत असेल तर पोट दाबणं नाही, बाळाची वाट मोठी करायला सरसकट कापून टाके घालणंही नाही. बाई उकिडवी बसो की कुशीवर वळो, तिला जमेल तसं. बाळ आलं की पुसून थेट आईच्या छातीवर. नाळ निदान मिनिटभर तरी कापायची नाही. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं.

एवढं शिकलेल्या सिस्टरची ड्यूटी पुढच्या महिन्यात ओपीडीच्या खिडकीवर लागली, तर मात्र लेबर रूम पुन्हा जुन्याच हिशेबानं चालणार.