उन्हाळी पुन्हा पुन्हा का लागते?

हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे लघवीच्या आजारावर बोला असं तुम्ही सांगितलंत, याचा मला फार आनंद झाला. माझ्या दवाखान्यात हा विषय नेहमी शेवटी निघतो. गुडघे दाखवून होतात, बीपी मोजून होतं, आणि दाराशी पोहोचलेली बाई परत वळून हळूच म्हणते, "डॉक्टर, परत उन्हाळी लागलीय हो."

उन्हाळी हा आपला जुना शब्द. उन्हातून आलं, पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि जळजळते. तेव्हा धने-जिऱ्याचं पाणी किंवा सब्जा घेतला की बरं वाटतं, कारण त्या निमित्तानं पोटात पाणी जातं. पण आता, संक्रांतीच्या थंडीत, दर दहा मिनिटांनी उठावं लागतंय, ओटीपोट दुखतंय, लघवी गढूळ किंवा लालसर होतेय, तर उष्णतेला दोष देऊ नका. तो बहुधा जंतुसंसर्ग असतो. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला, तर प्रत्येक वेळी नुसतं औषध देऊन भागत नाही. तो परत का येतो, हे शोधावं लागतं.

बहुतेक वेळा जंतू एकच असतो, ई. कोलाय. थिओडोर एशेरिश या डॉक्टरांनी 1885 मध्ये तान्ह्या बाळांच्या शौचात तो पाहिला. आतड्यात तो आपल्यासोबत सुखानं नांदतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटरची, पुरुषाची साधारण 20. शिवाय गुदद्वार जवळ. म्हणजे जंतूला मूत्राशयापर्यंत जायला वाटच छोटी. हे मी मुद्दाम सांगते, कारण घरात पहिला शेरा येतो, "स्वच्छता पाळत नसशील." त्या शेऱ्यामुळे बायका साबणानं, अँटिसेप्टिकनं आतून धुवायला लागतात आणि राखणदार जंतूच मारून टाकतात.

हे राखणदार म्हणजे लॅक्टोबॅसिलस, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. ते योनीमार्गात आम्लता टिकवतात, त्यामुळे ई. कोलायला तिथे ठाण मांडता येत नाही. त्यांचं पोषण इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर अवलंबून असतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं, राखणदार कमी होतात, तिथली त्वचा कोरडी आणि पातळ होते. पन्नाशीपर्यंत कधीही त्रास नसलेल्या बाईला अचानक वर्षात चार वेळा संसर्ग का होतो, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. ज्यांचं गर्भाशय अंडाशयांसकट कमी वयात काढलं, त्यांच्यावर ही वेळ तिशी-चाळिशीतच येते. योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम अशा बायकांचे संसर्ग खरोखर कमी करतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. पण लाजेपायी हा उपाय विचारलाच जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

बाकी कारणं भराभर सांगते. ताब्यात नसलेला मधुमेह. मुतखडा, ज्यात जंतू लपून बसतात. अंग बाहेर येणं, त्यामुळे लघवी पूर्ण होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. पुरुषांत हेच काम वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी करते. तरुण मुलींमध्ये शरीरसंबंधानंतर त्रास सुरू होतो; त्यात कुणाचंही चारित्र्य शोधू नका. आणि लघवीत पू दिसतोय पण कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही, असं वारंवार झालं तर आपल्या देशात क्षयरोगाची शंका घ्यायलाच हवी.

पाण्याबद्दल 2018 साली एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. औषधाशिवाय एवढा फरक! पण आपल्या बायका पाणी का पीत नाहीत? बाजारात, शेतात, एसटी स्टँडवर जायला जागा नसते म्हणून. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जाण्याच्या हक्काच्या, चळवळीतल्या बायका नेमकी हीच जागा मागत आल्या आहेत, आणि मला ती मागणी आरोग्याचीच वाटते.

माझ्याकडे एक बाई फाईल घेऊन आल्या. दीड वर्षात आठ चिठ्ठ्या, पाच वेगळी अँटिबायोटिक्स, आणि कल्चर एकदाही नाही. दोन दिवसांत जळजळ थांबली की गोळ्या बंद. शेवटी कल्चर केलं, तर तोंडानं घ्यायची बहुतेक औषधं त्या जंतूवर चालेनाशी झाली होती. म्हणून विनवते, वारंवार त्रास होत असेल तर पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना द्या. सुरुवातीची धार सोडून मधली धार, निर्जंतुक डबीत. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. तोवर काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं किंवा उलट्या असतील तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो.

एक चिठ्ठी आली आहे: "तपासणीत जंतू निघाले, पण मला त्रास काहीच नाही. औषध घेऊ का?" ताई, गरोदर असाल किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर उपचार लागतात. एरवी बहुतेक वेळा नाही. औषधानं तुमचे राखणदार मरतील, आणि उरलेले जंतू औषधाला सरावतील. अहवाल मात्र जपून ठेवा.