मिसळणाच्या डब्यातल्या टिकल्या

हा जो डबा दिसतोय ना, सात वाट्यांचा, हा मिसळणाचाच डबा आहे, फक्त यात मोहरी-जिरं-हळद काही नाही, माझ्या आत्याचं भेटकार्डं करायचं सामान आहे. एका वाटीत टिकल्या, दुसरीत जुन्या ब्लाउजची बटणं, तिसरीत तुटलेल्या माळेचे मोती, आणि मधल्या वाटीत... थांबा, ती आत्या उघडू देत नाहीये. त्यात सोनेरी चमकी आहे आणि पंखा चालू आहे.

लालबाग. चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, 10 बाय 12. यातच स्वयंपाक, यातच टीव्ही, यातच पलंग, आणि या पलंगाखाली आत्याचं अख्खं दुकान. दुकान म्हणजे विकत नाही ती आता काही, पण एकेकाळी विकायची, ते येईलच पुढे.

आज जानेवारीची 6 तारीख. संक्रांतीची भेटकार्डं पोस्टात टाकायची आहेत आणि एकूण 22 करायची आहेत, त्यातली 9 झालीत. व्हॉट्सअ‍ॅपवर तिळगूळ पाठवलेला आत्याला चालत नाही. ती म्हणते, "त्याला चव आहे का?"

आधी मी माझा मूर्खपणा सांगते. मागच्या वर्षी मी ऑनलाइन एक तीन कप्प्यांची प्लास्टिक ट्रॉली मागवली, रील्समध्ये असते तशी, आणि आत्याचे सगळे कागद रंगाप्रमाणे लावून त्यात उभे करून ठेवले, लाल मग केशरी मग पिवळा, दिसायला इतकं भारी की मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी आत्याला स्वतःच्या घरात काही सापडेना. आणि जुलैमध्ये ते सगळे कागद तळलेल्या पापडासारखे वळले. कागद हवेतलं पाणी पितो, आणि त्याचे तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, रुंदीत फुगतात, त्यात कागद उभा असला की त्याला धरायला कोणी नाही, मग तो वाकतो. मुंबईच्या पावसात तर बोलायलाच नको. आत्या एवढंच म्हणाली, "कागद झोपवायचा असतो गं." आता ते साडीच्या खोक्यात आडवे असतात, वर फडक्यात गुंडाळलेला वरवंटा, आणि कोपऱ्यात चपलांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. ट्रॉलीत कांदे-बटाटे आहेत.

तिची रचना रंगाची नाहीच, कामाची आहे. श्रीखंडाचे डबे, त्यावर मार्करने लिहिलेलं: कापायचं, चिकटवायचं, वर लावायचं. लेस आणि रिबिनी बांगड्यांच्या स्टँडवर, म्हणजे एका नजरेत कळतं काय आहे काय संपलं, कारण दिसत नाही ते आपण परत विकत आणतो (माझ्याकडे चार पंचिंग मशीन आहेत, सगळी फुलाच्या आकाराची). आणि एक चौथा डबा आहे, त्यावर लिहिलंय 'अर्धवट'. तो सगळ्यात जड आहे.

हा गठ्ठा बघा. लग्नपत्रिका. प्रत्येक घरात असतो हा, कारण पत्रिकेवर गणपती असतो आणि गणपती कचऱ्यात टाकवत नाही. आत्या गणपती अलगद कापून वेगळ्या पाकिटात ठेवते आणि मग उरलेल्या जाड कागदाला हात घालते, सोनेरी किनार, मखमली बॉर्डर, सगळं फुकट. गिरगावातल्या खाडिलकर रोडवर पत्रिकांची दुकानंच दुकानं आहेत, तिथे हाच कागद पैसे मोजून घ्यावा लागतो. कोरा कार्डपेपर मात्र ती विकत आणते, करी रोडवरून स्लो लोकल पकडायची, मशीद स्टेशनला उतरायचं आणि चालत अब्दुल रेहमान स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केटच्या जवळ. तिथून लेससाठी भुलेश्वर. त्या दिवशी घरी खिचडी असते.

हा आवाज ऐका. संपलेली रिफिल, पट्टी लावून कागदावरून ओढली. घडी घालायच्या आधी ही खाच पाडायची, नाहीतर जाड कागद घडीवर फाटतो आणि पांढरी भेग दिसते. त्याच्याही आधी आत्या कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघते. ज्या बाजूने तो सहज वाकतो त्या बाजूने घडी, कारण मशीनवर कागद होताना बहुतेक तंतू एकाच दिशेला झोपतात. हे तिला कुठल्या व्हिडिओने नाही शिकवलं. माझे आजोबा कापडाच्या मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, घरात ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, हे शब्द मीठ-मिरचीसारखे.

1982 ची संक्रांत झाली आणि चौथ्या दिवशी, 18 जानेवारीला, संप सुरू झाला. कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांचा गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार. आत्या तेव्हा चौदाची. पुढच्या संक्रांतीला घरात तीळ आणायचे वांधे होते, तेव्हा तिने शेजारच्यांच्या जुन्या पत्रिका मागून कार्डं केली आणि दादरला एका दुकानदाराला दिली. त्याने अर्धी विकली आणि पैसे सगळ्यांचेच उशिरा दिले. याच्यावर ती जास्त बोलत नाही, मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिने मला कात्री आणायला पाठवलं.

गंमत बघा, छापील ख्रिसमस कार्ड पहिल्यांदा विकायला आलं ते लंडनमध्ये 1843 ला, हेन्री कोल नावाच्या माणसाने हजार कार्डं छापून घेतली, कारण इतक्या पत्रांना उत्तरं लिहायला त्याला वेळ नव्हता. आणि इथे एका कार्डाला आमची दुपार जाते.

आता पाकीट. पाकिटाला आतून अस्तर लागतं जुन्या कालनिर्णयच्या पानाचं, मागची बाजू वर, त्यामुळे कार्डाबरोबर कधीकधी अर्धी पाककृती पण जाते. पुण्याच्या काकूंनी एकदा फोन करून विचारलं होतं की पुढचं साहित्य काय.

शेवटी वजन. साध्या पत्राचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा, त्याच्यावर गेलं की जादा तिकीट. आत्याचा कागद 300 जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटरला 300 ग्रॅम. ए-फोर म्हणजे त्याचा सोळावा भाग, पावणेएकोणीस ग्रॅम. अख्खा ए-फोर दुमडून कार्ड केलं तर पाकीट चढवलं की गेलंच वर. म्हणून ती ए-फोर मधोमध कापते, अर्ध्याचं एक कार्ड, साडेनऊच्या आत. मग पाकीट, अस्तर, टिकल्या, आणि बटरपेपरच्या पुडीत हलवा, कारण पोस्टातला शिक्का जोरात बसतो.

माझा केकसाठी घेतलेला वजनकाटा आता इथेच असतो. पाकीट ठेवलं. 17.

"दोन दाणे अजून बसतील," आत्या म्हणाली, आणि चिकटवलेलं पाकीट परत उघडलं.