स्टॅटिनची गोळी आणि यकृताचा कर्करोग : स्वीडनमधील नोंदी काय सांगतात

अटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी एक गोळी आहे. जगभरात कोट्यवधी माणसे स्टॅटिन गटातील अशी एखादी गोळी रोज घेतात आणि ती हृदयासाठी घेतात. तिचे मुख्य काम मात्र यकृतात चालते. यकृताच्या पेशी ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) साह्याने कोलेस्टेरॉल तयार करतात, त्या विकरालाच ती अडवते. जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी ६,००० हून अधिक बुरशांची तपासणी करून १९७३ मध्ये या गटातले पहिले द्रव्य शोधले, आणि ते द्रव्य देणारी बुरशी तांदळावर वाढलेली होती.

काही रुग्णांच्या रक्तात स्टॅटिनमुळे यकृताची एन्झाइम्स वाढतात. त्यामुळे ज्याला आधीच हिपॅटायटिस, म्हणजे यकृताचा दाह, आहे, त्याला ही गोळी लिहून देताना डॉक्टरांनी दीर्घकाळ हात आखडता घेतला. गंभीर इजा फारच क्वचित होते हे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये नियमित एन्झाइम तपासणीची शिफारस मागे घेतली, तरी ती धास्ती पुरती ओसरलेली नाही.

हिपॅटायटिस बी आणि सी यांचे विषाणू यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतात. सततच्या दाहाने यकृतावर व्रण साचत जातात, त्यातून सिऱ्होसिस होतो, म्हणजे यकृत कडक होऊन त्याचे काम मंदावते, आणि पुढे कर्करोगाची भीती असते. बी विषाणू तर पेशीच्या डीएनएमध्येच शिरकाव करत असल्याने सिऱ्होसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो. सी विषाणू आता बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शरीरातून जातो, पण सिऱ्होसिस झालेल्या यकृताचा धोका त्याच्याबरोबर संपूर्णपणे जात नाही. म्हणूनच यकृताला जपणाऱ्या आणखी एखाद्या औषधाचा शोध महत्त्वाचा ठरतो.

हा शोध स्वीडनच्या नोंदवह्यांपर्यंत पोहोचला. तिथे प्रत्येक रहिवाशाला एक व्यक्तिक्रमांक असतो आणि औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेलेल्या प्रत्येक औषधाची नोंद २००५ पासून त्याच क्रमांकाखाली होते. संशोधकांनी हिपॅटायटिस बी किंवा सी असलेले, स्टॅटिन घेणारे ८,३३४ रुग्ण निवडले, त्यांच्याशी मिळतेजुळते पण स्टॅटिन न घेणारे तितकेच रुग्ण जुळवले, आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अटोर्व्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन यांसारखी मेदात विरघळणारी स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये दहा वर्षांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण ३.३ टक्के होते. न घेणाऱ्यांमध्ये ते ८.१ टक्के होते. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे सुमारे पाच जणांचा फरक पडला. पाण्यात विरघळणाऱ्या स्टॅटिनच्या बाबतीत मात्र, म्हणजे रोसुव्हास्टॅटिन आणि प्रव्हास्टॅटिन यांच्या बाबतीत, असा ठोस फरक आढळला नाही.

या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र मात्रेची आहे. ज्यांनी ६०० किंवा त्याहून अधिक प्रमाणित दैनिक मात्रा घेतल्या होत्या, म्हणजे अटोर्व्हास्टॅटिनची २० मिलिग्रॅमची गोळी रोज याप्रमाणे दीड वर्षाहून अधिक काळ, त्यांच्यात फरक सर्वाधिक होता. औषध जितके जास्त तितका धोका कमी, असा क्रम दिसला की निव्वळ योगायोगाची शक्यता मागे पडते.

असे का होत असावे? कोलेस्टेरॉल बनवण्याच्या त्याच वाटेवर आणखी काही रेणू तयार होतात. रास आणि ऱ्हो नावांच्या प्रथिनांना हे रेणू शेपटीसारखे चिकटतात, मग ती प्रथिने पेशीच्या आवरणावर जाऊन बसतात आणि वाढीचे इशारे देऊ लागतात. स्टॅटिनने ही वाट अडवली की शेपट्याही कमी पडतात. मेदात विरघळणारी गोळी पेशीच्या आवरणातून सहज आत जाते; पाण्यात विरघळणारीला वाहक प्रथिनांची गरज लागते. प्रयोगशाळेतून पुढे आलेले हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, पण पाण्यात विरघळणारी गोळी घेणारे अभ्यासात केवळ १,७८० जण होते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, आणि ज्यांचे यकृत फारच बिघडले आहे त्यांना डॉक्टर स्टॅटिन देण्याचे टाळतात. त्यामुळे गोळी घेणारा गट मुळातच थोडा बऱ्या प्रकृतीचा असू शकतो. जुळवणी कितीही काटेकोर केली तरी ही शंका पूर्णपणे मिटत नाही. शिवाय सिऱ्होसिस बळावून पोटात पाणी झालेल्या रुग्णांमध्ये सिम्व्हास्टॅटिनच्या ४० मिलिग्रॅम मात्रेने स्नायूंना गंभीर इजा झाल्याचे चाचणीत दिसले आहे, म्हणून स्वतःच्या मनाने ही गोळी सुरू करणे धोक्याचे आहे. मात्र हृदयासाठी स्टॅटिनची गरज असलेल्या आणि यकृत स्थिर असलेल्या रुग्णाला निव्वळ हिपॅटायटिसच्या नावाखाली ते नाकारणे योग्य नाही. खात्रीचे उत्तर, सोडत पद्धतीने कोणाला गोळी आणि कोणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन, हजारो रुग्णांवर अनेक वर्षे लक्ष ठेवणाऱ्या चाचणीतूनच मिळू शकेल. कारण हा कर्करोग उमटायलाच वर्षे लागतात.