गुळाच्या गाडीनं वाढलेलं कोल्हापूर

हे करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाडं पेटली आहेत, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस खळखळतोय. गुळव्या भेंडीचं पाणी सोडतो, तशी मळी वर तरंगून येते, ती काढायची. रस दाटायला लागला की त्याची नजर काहिलीवरून हलत नाही. उशीर झाला तर गूळ करपणार, घाई केली तर रवा, म्हणजे गुळाची ढेप, नीट बसणार नाही. हे कसब शाळेत शिकवलं जात नाही, आणि कोल्हापूर शहर मोठं झालं त्यात या कसबाचा फार मोठा वाटा आहे.

पण गूळ कितीही चांगला असला, तरी गिऱ्हाइकापर्यंत पोचायला वाट हवी. एके काळी इथला माल बैलांवर लादून घाटानं कोकणातल्या बंदरांकडे उतरायचा. पाऊस लागला की घाटवाट अवघड व्हायची, आणि पेठ थंडावायची.

१८९१ साली मिरजेहून कोल्हापुरात रेल्वे आली. तिचं सोनं केलं राजर्षी शाहू महाराजांनी. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसवली, तीही स्टेशनच्या जवळ. बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलावलं, दुकानांसाठी सवलतीनं जागा दिल्या. अडत दुकानं उभी राहिली, वखारी आल्या, हमाल-गाडीवानांना काम मिळालं. गावकुसाबाहेर शहर पसरायला लागलं. कोल्हापुरी गूळ गुजरातेत नावानं मागितला जाऊ लागला, आजही जातो.

मागणी वाढली की ऊस वाढणार, आणि ऊस म्हणजे पाणी. भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं तेही महाराजांनीच. पैशाअभावी काम मध्येच थांबलं. १९२२ मध्ये महाराज गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. एका संस्थानिकानं शेतकऱ्यासाठी एवढं मोठं स्वप्न पाहावं, याचं आजही अप्रूप वाटतं.

आता नदीचं पाणी उंचावरच्या मळ्यात चढवायचं तर इंजिन हवं. इंजिन बिघडलं तर मिस्त्री हवा. इथल्या मिस्त्र्यांनी दुरुस्ती करता करता स्वतःच ऑइल इंजिनं घडवली. त्यातून वर्कशॉप, लेथ, फाउंड्री, आणि अख्खं उद्यमनगर उभं राहिलं. ज्या हातांनी पंपाचे भाग ओतले, त्यांच्या पुढच्या पिढ्या आज मोटारींचे सुटे भाग ओततात.

गुऱ्हाळं मात्र कमी होत चालली आहेत. गुळवे मिळत नाहीत, ऊस साखर कारखान्याकडे वळतो. तरी दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा निघतो, बोली चढते.

आणि रूळ? ते अजून कोल्हापुरातच संपतात. वैभववाडीला जोडून कोकणात उतरणाऱ्या मार्गाची मागणी जुनी आहे, मंजुरीही मिळालेली आहे. शेतकरी, व्यापारी, कारखानदार, सगळे त्याची वाट पाहतायत.